गणिताच्या तासाला वाचन कोण शिकवणार?

हे नऊ शब्दांचं वाक्य एकदा मोठ्यानं वाचून बघा: ‘दलदलीच्या जमिनीत ऑक्सिजनच्या कमतरतेमुळे तिवराची श्वसनमुळे जमिनीच्या वर वाढतात.’

वाचलंत? सातवीतलं मूलही हे वाक्य तुमच्याइतकंच झरझर वाचेल. आता पुन्हा बघा. या वाक्यात ‘मुळे’ दोनदा आलं आहे. आधी ‘कमतरतेमुळे’ आणि मध्ये एकच शब्द सोडून ‘श्वसनमुळे’. अक्षरं तीच, उच्चार तोच. पहिलं ‘मुळे’ कारण सांगतं आणि दुसरं ‘मुळे’ म्हणजे झाडाची मुळं! तुम्ही हा गुंता सोडवलात आणि तो सोडवल्याचं तुमच्या लक्षातही आलं नसेल. ‘तिवराची’ या शब्दापुढे काहीतरी नाम येणार, हे तुमच्या व्याकरणाला ठाऊक होतं. झाडांना मुळं असतात, हे तुमच्या वनस्पतिशास्त्राला ठाऊक होतं. कारण सांगायचं असतं तर ‘श्वसनामुळे’ असा काना आला असता, हे तुमच्या डोळ्यांना ठाऊक होतं. ही तिन्ही ज्ञानं क्षणार्धात एकत्र आली आणि अर्थ लागला.

ज्या मुलाकडे यातलं एकच कमी आहे, त्याच्या डोक्यात काय झालं असेल? ‘श्वास घेतल्यामुळे काहीतरी जमिनीच्या वर वाढतं.’ वाचन अस्खलित, अर्थ पार भलता. आणि वर्गात कुणालाही पत्ता नाही, कारण मूल अडखळलेलंच नाही.

बोरिवलीच्या गोराई जेट्टीवरून पलीकडच्या गोराई गावात जाणाऱ्या बोटीतून ओहोटीच्या वेळी किनाऱ्याकडे पाहिलं, तर या वाक्याचा अर्थ चिखलात उभा दिसतो. तिवरांच्या बुंध्यांभोवती पेन्सिलीएवढी, टोकदार, सरळ वर आलेली मुळं असतात. मुळांनी खाली जायचं असतं, ही वर का आली? खाडीच्या चिखलात कणांमधली जागा पाण्यानं भरलेली असते, तिथे हवा शिरत नाही. जो थोडाफार ऑक्सिजन असतो तो चिखलातले सूक्ष्मजीव संपवून टाकतात. मुळं जिवंत पेशींची बनलेली असतात, त्यांनाही ऑक्सिजन लागतो. म्हणून ती चिखलाबाहेर डोकं काढतात आणि सालीवरच्या बारीक छिद्रांतून हवा आत घेतात.

बघा, एका वाक्याचा अर्थ सांगायला मला केवढा परिच्छेद लागला! पाठ्यपुस्तकातलं वाक्य म्हणजे घडी घालून घालून तळहातावर मावेल एवढी केलेली नऊवारी. ‘ऑक्सिजनच्या कमतरतेमुळे’ या दोन शब्दांत चिखल, पाणी, सूक्ष्मजीव आणि कार्यकारणभाव, सगळं दाबून बसवलेलं असतं. शास्त्रज्ञ असं लिहितात त्याला कारण आहे. पूर्ण घटनेचं एक नाम केलं, की ते उचलून पुढच्या वाक्यात ठेवता येतं आणि त्याच्यावर पुढचा विचार रचता येतो. ही विज्ञानाची ताकद आहे. पण ही घडी उलगडायची कशी, हे मुलाला कोण शिकवतं?

मराठीचे शिक्षक म्हणतात, हा तर विज्ञानाचा धडा. विज्ञानाच्या बाई म्हणतात, वाचायला तर प्राथमिक शाळेतच शिकवलं ना? दोघांचंही खोटं नाही. आणि त्या दोघांच्या मधल्या जागेतून मूल खाली पडतं.

ही मधली जागा भरण्यासाठी जगभर एक शिक्षण उभं राहिलं आहे. पदवी घेऊन शिक्षक व्हायला आलेल्या माणसाला, मग तो रसायनशास्त्राचा असो की भूगोलाचा, आपापल्या विषयाचं वाचन आणि लेखन शिकवायला तयार करायचं. गणिताचा पदवीधर वाचन शिकवायला शिकतो! पहिल्यांदा ऐकताना हे विचित्र वाटतं. पण याची गरज ज्यांनी लवकर ओळखली, त्यांत मुंबईतला एक भौतिकशास्त्रज्ञ होता, हे कळल्यावर तर थक्क व्हायला होतं.

१९७४ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या छत्राखाली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालं. आज ते मानखुर्दला आहे. सुरुवात झाली नाना चौकातल्या महापालिकेच्या शाळेच्या इमारतीत. केंद्राचे संस्थापक संचालक व्ही. जी. कुलकर्णी हे मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. मुलांना विज्ञान का जमत नाही, हा त्यांचा प्रश्न. उत्तरं तर समोर तयार होती: प्रयोगशाळा नाहीत, साधनं नाहीत, गरिबी आहे, घरी शिकलेलं कुणी नाही. सगळी खरीच. पण कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी व्ही. जी. गंभीर यांना आणखी एक संशय आला. अडचण विज्ञानाची आहे, की विज्ञान ज्या भाषेत लिहिलंय तिची?

मग त्यांनी भौतिकशास्त्रज्ञाला शोभेल असंच केलं: बाकी सगळं तसंच ठेवून एकच गोष्ट बदलायची. विज्ञान तेच, संकल्पना त्याच, पुस्तकाची भाषा मात्र सोपी. लांबलचक संस्कृतप्रचुर वाक्यं मोडली, मुलांच्या ओळखीची वाक्यरचना आणली आणि ते महापालिकेच्या मराठी शाळांतल्या मुलांपुढे ठेवलं. समज वाढली, हे तर अपेक्षितच होतं. खरी चकित करणारी गोष्ट पुढची आहे. वर्गातली मुलं बोलू लागली! प्रश्न विचारू लागली, उत्तरं देऊ लागली. जी मुलं ‘मठ्ठ’ किंवा ‘लाजाळू’ म्हणून गणली जात होती, ती भाषेचा अडसर दूर होताच शिकणारी, बोलणारी मुलं झाली. हा अभ्यास १९८१ साली प्रसिद्ध झाला. शिक्षणाचं सार्वत्रिकीकरण भाषेच्या अडसरापाशी कसं अडतं, हाच त्याचा विषय होता.

त्याच काळात कुलकर्णी आणि सुधाकर आगरकर यांनी महापालिकेच्या शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलांसोबत शालान्त परीक्षेपर्यंत काम केलं. त्या कामातही वाचून समजणं आणि आपल्या शब्दांत मांडणं यांवर भर होता. मुलांचं शालान्त परीक्षेतलं यश ठळकपणे वाढलं. बुद्धी आधीही होतीच की!

आता गंमत बघा. नाना चौकात हे घडत होतं त्याच दशकात, १९७५ साली, लंडनमध्ये एका सरकारी समितीचा जाडजूड अहवाल बाहेर पडला. अध्यक्ष होते अ‍ॅलन बुलक, पेशानं इतिहासकार. त्या अहवालातली एक शिफारस पुढे जगभर गेली: भाषा ही एकट्या भाषाशिक्षकाची जबाबदारी नाही, प्रत्येक शाळेचं सगळ्या विषयांना कवेत घेणारं भाषेचं धोरण असलं पाहिजे. मुंबईत भौतिकशास्त्रज्ञ, लंडनमध्ये इतिहासकाराची समिती. भाषेचा प्रश्न आपल्या अंगणात आहे, हे भाषेबाहेरच्या माणसांना दिसलं.

पण थांबा. पुस्तक सोपं केलं की काम झालं, असं का नाही? कारण सोपं करण्याला मर्यादा आहे. ‘ऑक्सिजनची कमतरता’ हे नाम कधीतरी मुलाच्या हाती यायलाच हवं, नाहीतर अकरावीचं जीवशास्त्र त्याला बंद. पुस्तक मुलाकडे थोडं खाली आणायचं आणि त्याच वेळी मुलाला पुस्तकाकडे वर न्यायचं. पहिलं काम लेखकाचं आणि दुसरं फक्त शिक्षकाचं. म्हणून सगळा भार शेवटी शिक्षकाच्या प्रशिक्षणावर येतो.

आणि हे ‘वर नेणं’ प्रत्येक विषयात वेगळं असतं! मला स्वतःला या सगळ्या गोष्टीतला सर्वांत मोठा चमत्कार हाच वाटतो. आपण समजतो की वाचन एकच. अमेरिकेतल्या जीन चॉल यांनी १९८३ साली वाचनाचे टप्पे मांडले, तेव्हा साधारण चौथीपाशी एक वळण दाखवलं: तोवर मूल वाचायला शिकतं, त्यापुढे शिकण्यासाठी वाचतं. पुष्कळ मुलं नेमकी त्याच वळणावर मागे पडतात. मग टिमोथी आणि सिंथिया शानाहान यांनी गणितज्ञ, रसायनशास्त्रज्ञ आणि इतिहासकार यांना आपापल्या विषयाचा मजकूर वाचायला बसवलं आणि वाचताना डोक्यात काय चाललंय ते बोलायला सांगितलं. २००८ साली त्यांनी जे मांडलं ते वाचून डोळे विस्फारतात. गणितज्ञ पुन्हा पुन्हा वाचतात, एकेका बारीक शब्दावर थांबतात, कारण तिथे कुठलाच शब्द भरतीचा नसतो. रसायनशास्त्रज्ञ मजकुरावरून आकृतीवर, आकृतीवरून सूत्रावर आणि परत मजकुरावर अशा येरझाऱ्या घालतात. इतिहासकार मजकूर सुरू करण्याआधीच विचारतात, हे लिहिलंय कुणी?

तिघंही साक्षर, पण तीन वेगळी वाचनं. आणि शाळेतलं मूल पस्तीस-चाळीस मिनिटांची घंटा झाली की एका वाचनातून दुसऱ्यात उडी मारतं. ही उडी कशी घ्यायची, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

गणिताचंच घ्या. ‘रोझीकडे १२ पापलेटं आहेत. ती मंगलकडच्या पापलेटांपेक्षा ४ ने जास्त आहेत. तर मंगलकडे किती?’ उत्तर ८. पण कितीतरी मुलं १६ लिहितात. बेरीज-वजाबाकी त्यांना येते. त्यांनी ‘जास्त’ शब्द पाहिला आणि मिळवून टाकलं. इथला सगळा खेळ ‘ती’ आणि ‘पेक्षा’ या दोन शब्दांत आहे. मेरी हेगार्टी आणि रिचर्ड मेयर यांच्या गटानं १९९५ साली अशी उदाहरणं सोडवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांची हालचाल टिपली. ज्यांचं उदाहरण चुकायचं त्यांचे डोळे पुन्हा पुन्हा आकड्यांकडे आणि ‘जास्त’, ‘कमी’ अशा शब्दांकडे जायचे. ज्यांचं बरोबर यायचं त्यांचे डोळे परत जायचे ते कोणाबद्दल आणि कशाबद्दल बोललं जातंय, त्या नावांकडे. म्हणजे उत्तर बरोबर येणार की चूक, याची खूण पेन्सिल चालायच्या आधी नजरेत दिसत होती!

महाराष्ट्रानं तर गणितातल्या भाषेवर विधिमंडळात चर्चा झालेली पाहिली आहे. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ असं वाचन दिलं आणि केवढा गदारोळ झाला. मंगला नारळीकरांसारख्या गणितज्ञ बाईंनी शांतपणे सांगितलं, की मराठीत आपण आधी एकक बोलतो आणि लिहिताना आधी दशक लिहितो, त्यात लहान मूल गोंधळतं. त्यांचा उपाय पटो न पटो, त्यांनी बोट ठेवलं ती जागा अगदी बरोबर होती. सहा-सात वर्षांचं मूल गणितात अडतं तेव्हा ते कधीकधी भाषेतच अडलेलं असतं.

विज्ञानाच्या तासाला ओळखीचे शब्दच उलटतात. डोक्यावर माशांची पाटी घेऊन एखादी मावशी जेट्टीवर बोटीची वाट बघत उभी आहे. अर्धा तास झाला, मान अवघडली. भौतिकशास्त्र म्हणतं, पाटी जागची हलली नाही, पाटीवर शून्य कार्य! मुलाच्या जगात ती मावशी केवढं काम करतेय. दोन्ही जगांतला शब्द जवळजवळ एकच आणि अर्थ विरुद्ध टोकांचे. शिक्षकानं हे आधी उघड बोलून दाखवलं नाही, तर मूल एकतर विज्ञानावर अविश्वास दाखवतं किंवा मुकाट्यानं पाठ करतं. दुसरंच जास्त घडतं.

इतिहासात तर ठिकाणाचं एक नाव पुरे. १७३९ सालच्या वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांच्या फौजेनं धारावी जिंकली, असं वाचल्यावर मुंबईच्या मुलाच्या डोळ्यांपुढे काय येतं? शीव-माहीमच्या मधली वस्ती. पण ही धारावी म्हणजे गोराई, मनोरी, उत्तन ज्या भूभागावर वसलेत ते धारावी बेट. गोराईतलं मूल आपल्याच गावाचा इतिहास वाचत असतं आणि त्याला वाटतं हे दुसरीकडचं आहे! त्याहून पुढची पायरी म्हणजे साधनं. चिमाजी अप्पांनी आपले गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांना लिहिलेली पत्रं आणि पोर्तुगीजांचे कागद यांत एकच युद्ध दोन प्रकारे दिसणार. सॅम वाइनबर्ग यांनी १९९१ साली आठ इतिहासकार आणि शाळेतले आठ हुशार विद्यार्थी यांना तीच जुनी कागदपत्रं दिली. इतिहासकार जवळजवळ प्रत्येक वेळी आधी लिहिणारा कोण ते बघत. विद्यार्थी ते तीनातल्या एखाद्याच वेळी करत. विद्यार्थ्यांच्या लेखी सगळे कागद सारखेच खरे. आज व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला प्रत्येक मजकूर खरा मानणाऱ्या आपल्या समाजात, ‘हे कोणी लिहिलंय?’ हा एक प्रश्न सवयीचा करणारा इतिहासशिक्षक मला फार मोलाचा वाटतो.

आता भूगोलाकडे, आणि गोराईच्या खाडीकडे. ‘उधाणाची भरती’, ‘भांगाची भरती’ हे शब्द पुस्तकात आले की डोंगराळ तालुक्यातल्या मुलाला ते कोरडे वाटतात. गोराई-मनोरीच्या कोळीवाड्यांतल्या घरांत मात्र त्यावर रोजचं जगणं ठरतं. किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायची एक जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट करा. आज चतुर्थी? चाराची पाऊणपट तीन. म्हणजे साधारण तीन वाजता पूर्ण भरती, पहाटेही आणि दुपारीही. अष्टमी? सहा वाजता. घड्याळ नको, तक्ता नको!

हे चालतं कसं? चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येतो आणि भरतीही त्याच्यामागोमाग तेवढीच उशिरा. पंधरा तिथींत ती बारा तास पुढे सरकते, म्हणजे दर तिथीला ४८ मिनिटं. कोळ्यांनी त्याचा हिशेब पाऊण तास धरला, ४५ मिनिटं. तीन मिनिटांचा फरक पत्करून आकाशातलं गणित बोटांवर आणलं. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करवून घेत. ती पाऊणकी इथे चंद्राला बांधलेली आहे. एका ओळीच्या नियमात खगोल, भूगोल, अपूर्णांक आणि पंचांग. कुठल्या विषयाच्या शिक्षकानं शिकवायचा हा?

यात एक फार मोठं सत्य दडलं आहे. वाचलेलं समजण्यासाठी आधीची माहिती किती कामाला येते? १९८८ साली डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीतल्या ६४ मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं. काही मुलं वाचनात चांगली, काही कच्ची. काहींना बेसबॉल पक्का ठाऊक, काहींना नाही. वाचून झाल्यावर मैदानाच्या प्रतिकृतीवर लाकडी खेळाडू हलवून डाव दाखवायचा होता. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांच्या कितीतरी पुढे गेली! म्हणजे ‘कच्चा वाचक’ हा मुलाचा कायमचा गुण नव्हे. विषय बदलला की तेच मूल उत्तम वाचक ठरतं.

गोराईतल्या मुलाला भरती-ओहोटीचा धडा अवघड जात असेल, तर ते त्याचं अज्ञान नसून त्याच्या घरच्या ज्ञानाला धड्यापर्यंत कुणी आणलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. घरी कोळी किंवा ईस्ट इंडियन बोली, शाळेत प्रमाण मराठी, पुस्तकात पाठ्यपुस्तकी मराठी. त्यात सेमी-इंग्रजी वर्ग असेल तर गणित-विज्ञान इंग्रजीतून. एका मुलाच्या दप्तरात चार भाषा. जिम कमिन्स यांनी दाखवून दिलंय की नव्या भाषेत गप्पा मारायला दोनेक वर्षांत येतं, पण त्या भाषेतून अभ्यासाचा मजकूर पेलायला पाच ते सात वर्षं लागतात. फाडफाड इंग्रजी बोलणारं मूल विज्ञानाच्या पेपरात का गडगडतं, याचं उत्तर बऱ्याच पालकांना इथे सापडेल.

आता प्रशिक्षणाकडे. आपल्या देशात हा विषय बी.एड.मध्ये कसा शिरला, त्याची वाटही महाराष्ट्रातून जाते. इथल्या डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला, तेव्हा न्यायालयानं न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. मान्यतेच्या भांडणातून शिक्षक घडवण्याच्या साऱ्या व्यवस्थेचीच तपासणी झाली. २०१२ साली अहवाल आला. २०१४ साली राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनं नवे नियम केले, बी.एड. एका वर्षाचं दोन वर्षांचं झालं आणि आराखड्यात एक नवा विषय आला: सगळ्या अभ्यासक्रमातली भाषा. गणिताच्या, विज्ञानाच्या, वाणिज्याच्या, सगळ्या भावी शिक्षकांसाठी. जोडीला ‘मजकूर वाचणे आणि त्यावर विचार करणे’ हा एक सरावाचा भाग.

या तासाला शिकायचं काय? सगळ्यांत आधी, आपल्याला काय येतं ते पाहायला. हे सोपं नाही! एमएस्सी झालेल्या माणसाला रासायनिक समीकरण वाचताना आपण काय करतो हे दिसत नाही, कारण ती कृती आता आपोआप होते. म्हणून त्यानं मोठ्यानं विचार करत वाचायचं. ‘इथे मी थांबलो. हा बाण बघितला. आकृतीकडे परत गेलो. हा शब्द रोजच्या अर्थानं नाही, हे ताडलं.’ वर्गात शिक्षकानं असं वाचून दाखवलं, की मुलांना पहिल्यांदाच जाणत्या वाचकाच्या डोक्यात डोकावता येतं. एरवी त्यांना फक्त उत्तर दिसतं, उत्तरापर्यंतचं चालणं कधीच दिसत नाही.

मग मुलांना वाचतं करायचं. अ‍ॅनमरी पॅलिंक्सर आणि अ‍ॅन ब्राउन यांनी १९८४ साली एक रीत मांडली. त्यांनी निवडलेली सातवीची मुलं शब्द वाचू शकत होती, पण अर्थ लागत नव्हता. थेट आपली तिवरवाली मुलं. चार-पाच जणांचा गट, एकेका परिच्छेदाला एक मूल ‘शिक्षक’. त्यानं चार गोष्टी करायच्या: सार सांगायचं, प्रश्न विचारायचा, अडलेलं उलगडायचं आणि पुढे काय येईल याचा अंदाज बांधायचा. खरा शिक्षक हळूहळू मागे सरत जातो. काही आठवड्यांत त्या मुलांची समज एवढी वाढली की शिक्षणशास्त्रात या रीतीचं नाव आजही घेतलं जातं. खर्च शून्य. फळा नाही, पडदा नाही, नुसतं आळीपाळीनं बोलणं!

बी.एड.च्या दोन वर्षांत वीस आठवडे शाळेत काढायचे असतात. हे सगळं रुजायची खरी जागा तिथे आहे. पुढे शिकायचं तर वाटा आहेत. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं २००६ मध्ये प्राथमिक शिक्षणातली एम.ए. पदवी सुरू केली. नोकरी सांभाळून ती करता येत असे आणि तिच्या भागीदारांत मानखुर्दचं होमी भाभा केंद्रही होतं. संशोधकांच्या एका गटानं पालघर जिल्ह्यातल्या वाड्याला, नीलेश निमकर यांच्या क्वेस्ट संस्थेच्या साथीनं, मुलं मराठी वाचायला-लिहायला कशी शिकतात याचा तीन वर्षं माग काढला. तसाच अभ्यास कर्नाटकात कन्नडचा झाला. २०१७ साली त्याचा अहवाल आला. इंग्रजीतल्या संशोधनावर विसंबून न राहता आपल्या लिपीत, आपल्या मुलांबरोबर केलेलं हे काम आहे. बाराखडी, जोडाक्षरं, मात्रा यांचा डोंगर इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांपेक्षा वेगळा आहे, आणि तो चढायला मुलांना लागणारा वेळही वेगळा.

एक गोष्ट मात्र खटकते. परिषदेच्या आराखड्यात ‘अभ्यासक्रमातली भाषा’ हा विषय आहे अर्ध्या पेपरचा. पुष्कळ ठिकाणी तो पहिल्या वर्षी व्याख्यानं आणि एखादी परीक्षा यांवर उरकतो आणि शाळेतल्या पाठांच्या टाचणात त्याचा मागमूस नसतो. ज्या शोधाची सुरुवात नाना चौकातल्या शाळेत झाली, त्याला मुंबईत तरी याहून मोठी जागा मिळायला हवी. बी.एड. महाविद्यालयांच्या प्राध्यापकांना एकच विनंती: विद्यार्थी-शिक्षकाच्या प्रत्येक टाचणात, मग ते गणिताचं असो वा विज्ञानाचं, एक रकाना ठेवा. ‘या पाठातलं कोणतं वाक्य मी मुलांसमोर उलगडणार आहे?’ तो रकाना रिकामा असेल तर टाचणावर सही करू नका.